दगडावरचं चाक

२००८ साली गॅरेजच्या बाकावर बसलेल्या मास्तरीणबाईंच्या कानावर गॅरेजवाल्याचं नि त्याच्या लेकीचं बोलणं पडलं. लेक डोंगरातल्या दवाखान्यात नर्स म्हणून निघाली होती.

"तुझ्या गाडीला खाली वेगळी चासी, म्हणजे लोखंडी सांगाडा, नाही. सगळा एकसंध पत्रा. खडकांत पिळवटेल. माझी जीप ने."

"बाबा, जीपचं एक चाक या दगडावर चढवा. आता दार लावा. अंग पिळवटलं असेल तर लागणार नाही."

"लागत नाही. म्हातारी झालीय ती."

"आता माझी चढवा."

"लागलं गं. पण चासी ठोकून सरळ करता येते. हिचं अंग वाकलं की वाकलं."

"जपून चालवीन."

"तू? रविवारी सुट्टी असते ना? इथं आणत जा. दार लावून बघू."

"दर रविवारी?"

"पत्र्याचा काय भरवसा."

सात वर्षांनी दार लागेना, गाडी भंगारात गेली. जीपही विकली. बाबा आता थकलेत. लेक रविवारी बसने येते.