शुक्रवारी मी जे लिहिलं नाही

माझं नाव रत्नमाला, ऑफिसात सगळे रत्ना म्हणतात, माहेर पवनीचं, भंडारा जिल्हा, आणि टेक्सासात येऊन आता अठरा वर्षं झाली. इथल्या आमच्या गावाचं नाव मात्र लिहू नका, इथे पेशंटची ओळख बाहेर गेली की नोकरी जाते, अन् मी सांगणार आहे ती गोष्ट पेशंटचीच आहे. डॅलसच्या वरच्या बाजूचं एक सबर्ब, मोठी मोठी घरं, घरासमोर तीन तीन गाड्या, एवढं लिहा, पुरे.

आमची माय बिड्या वळायची. मी नऊ वर्षांची असताना तिला क्षय झाला, अन् उपकेंद्राच्या नर्सबाई रोज इंजेक्शन द्यायला घरी यायच्या. तर काय सांगू तुम्हाला, त्या यायच्या वेळेला माय उठून बसायची, केस विंचरायची, धुतलेलं पातळ नेसायची, हसायची. मी दिवसभर तिचं पाणी भरायची, तिची थुंकी पुरायची, पण माझ्या वाट्याला मात्र तिचा खोकला अन् चिडचिड. मी एकदा म्हणलं, माय, त्या आल्या की तू हसते, मी काय केलं? ती म्हणली, कायले जळते व त्या बाईवर, ते आली म्हणून मी वाचून राह्यली. माय वाचली खरंच, पुढं वीस वर्षं जगली. पण मी तेव्हाच ठरवलं की आपण नर्स व्हायचं, म्हणजे कोणी तरी आपलीही अशी वाट पाहील. लोकांची सेवा वगैरे नंतर शिकली बाप्पा, आधी ही हाव होती.

एएनएमचा नर्सिंग कोर्स केला, सहा वर्षं उपकेंद्रात काढली, मग लग्न. प्रकाश नागपूरचे, सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये, त्यांच्यामागं इकडं आली. पहिली बरीच वर्षं मला कामाची परवानगीच नव्हती, दोन पोरं वाढवली, अन् ग्रीन कार्ड आल्यावर कळलं की आपलं सर्टिफिकेट इथे चालत नाही. मग काउंटीच्या आरोग्य खात्यात आउटरीच वर्करची जागा मिळाली. काम असं की टीबीच्या पेशंटच्या घरी जायचं, समोर बसून गोळ्या द्यायच्या, तो गिळतो ते डोळ्यांनी पाह्यचं, काय त्रास होतो विचारायचं, अन् फॉर्म भरायचा. सोमवार ते शुक्रवार. शनिवार-रविवारच्या गोळ्या पाकिटात देऊन यायच्या. निदान सहा महिने असं चालतं. आता तरुण पेशंट फोनवर व्हिडिओत गिळून दाखवतात, पण म्हाताऱ्या लोकांकडं जावंच लागतं.

लोकांना वाटतं अमेरिकेत कुठला टीबी. असतो नं. अन् लाजही तेवढीच असते, पवनीत होती तेवढीच. आपली माणसं तर म्हणतात गाडी चार घरं सोडून लावा, तिच्यावर खात्याचं चिन्ह आहे. मी अशी दारं उघडून घेण्यात पटाईत होती. आमची सुपरवायझर डोना, मोठी अनुभवी नर्स, ती म्हणायची, इंडियन फॅमिली आहे, रत्नाला पाठवा. तेलुगू असो, गुजराती असो, मीच. मला त्याचा किती अभिमान होता ते ती सायली आल्यावर कळलं.

सायली पुण्याची, सत्तावीस वर्षांची, इथेच पब्लिक हेल्थमध्ये मास्टर्स केलेली. माझ्याच पदावर लागली. मला ताई म्हणायची, डब्यातलं खायला द्यायची, कामाला चोख. दोष काढावा तर सापडत नव्हता, अन् त्याचाच मला जास्त राग. मीटिंगमध्ये ती बोलायची तर डोना मान हलवून लिहून घ्यायची. मी नऊ वर्षं तेच सांगत होती, माझ्या इंग्लिशमध्ये. कोणी लिहून नाही घेतलं.

मग काकू आल्या. सांगलीकडच्या, मुलाकडं राहायला आलेल्या, सत्तरीच्या. खोकला जाईना म्हणून तपासलं तर टीबी निघाला. मराठी म्हणून केस माझ्याकडं. पहिल्या दिवशी सुनेनं दार अर्धं उघडलं, मागच्या अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या, तिथं बसवलं. काकू गोळ्यांकडं पाहून तोंड वाकडं करायच्या, एकेक गोळी पाच पाच मिनिटं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, तुमचं आडनाव काय? मी सांगितलं. त्या म्हणाल्या, अच्छा. एवढंच. आता त्या अच्छामध्ये काय होतं मला माहीत नाही, पण आम्ही लहानपणापासून असे अच्छा ऐकलेले, त्यामुळं माझ्या मनात तो जाऊन बसला. मी गोळ्या देत गेली, तीन आठवडे, एक दिवस चुकवला नाही.

ऑक्टोबरमध्ये धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा आमच्या मंडळाचा कार्यक्रम होता, मी एक दिवस सुट्टी घेतली, सायली माझ्या जागी गेली. एक दिवस. पुढच्या आठवड्यात सुनेचा ईमेल आला की त्या दुसऱ्या मुलीला पाठवाल का, आईंना तिच्यासोबत बरं वाटतं. डोना म्हणली, पेशंट गोळ्या घेते हे महत्त्वाचं, रत्ना, मनावर घेऊ नको. मी म्हणलं, छे, मला काय. अन् गाडीत बसून खूप वेळ स्टिअरिंग धरून राह्यली.

त्यानंतर रोज ऐकायचं. काकूंनी शेंगदाण्याची चटणी दिली. काकू आता दोन मिनिटांत गोळ्या घेतात. काकू घरात बसवतात, चहा करतात. काकू माझ्यासाठी शाल विणताहेत, क्रोशाची. सायली हे सगळं मलाच सांगायची, तिला वाटायचं मला आनंद होईल. मी हसायची. आतून असं जळायचं की जेवण जायचं नाही. घरी प्रकाश म्हणायचे, तुला पेशंट बरा व्हायला पाहिजे की तुझ्या हातून बरा व्हायला पाहिजे? मी त्यांच्याशी दोन दिवस बोलली नाही.

मग तो शुक्रवार. सायलीला कोर्ससाठी जायचं होतं, डोनानं मला काकूंकडं पाठवलं. काकू खिडकीपाशी विणत बसल्या होत्या, ती सायलीची शाल, क्रीम रंगाची, हिरव्या काठाची. गोळ्या घेतल्या. मी विचारलं, मळमळ? नाही. पोटात दुखतं? नाही. डोळ्यांना काही? त्या म्हणाल्या, काही नाही, चष्म्याचा नंबर वाढलाय वाटतं. अन् शाल दाखवायला पुढं केली, बघा, काठ आज पुरा होईल. मी पाह्यलं तर हिरव्या लोकरीनं विणलेला काठ अर्ध्यात तपकिरी झालेला. त्यांच्या मांडीवर तपकिरी गुंडा होता. मी म्हणलं, हा कोणता रंग काकू? त्या म्हणाल्या, हिरवाच की.

माझ्या लक्षात तिथंच आलं. टीबीच्या गोळ्यांत एक असते ती कोणाकोणाच्या डोळ्यांच्या नसेवर जाते, लाल-हिरवं ओळखणं आधी जातं. ती लगेच बंद केली तर डोळे बहुतेक परत येतात, चालू ठेवली तर भरवसा नाही. हे आम्हाला पहिल्या ट्रेनिंगमध्ये शिकवतात. एक फोन करायचा होता डोनाला, दोन मिनिटांचा.

मी गाडीत आली. फॉर्म पाह्यला. दृष्टीच्या रकान्यात सायलीच्या हातचे टिक होते, तक्रार नाही, तक्रार नाही, आठवडाभर. अन् माझ्या मनात काय आलं ते आता सांगते, कारण सांगायचंच ठरवलं आहे. मनात आलं की बुधवारी काकूंची महिन्याची डोळ्यांची तपासणी आहे, तिथं सापडेल, अन् मग डोना सायलीला विचारेल, तू रोज जात होतीस, चहा पीत होतीस, तुला दिसलं नाही? मला तो प्रश्न ऐकायचा होता. मी तक्रार नाही वर टिक केली, अन् दोन दिवसांचं पाकीट तर मी काकूंच्या हातात आधीच देऊन आली होती.

शनिवारी लाँड्री केली, रविवारी पोरीच्या मॅचला गेली. सारखं मनात, काकू आता गोळी घेत असतील. फोन हातात घ्यायची, ठेवायची. म्हणायची, चार-पाच दिवसांनी काय होतं. पण मला माहीत होतं काय होतं.

सोमवारी सायली काकूंकडून सरळ डोनाच्या खोलीत गेली. म्हणाली, काकू म्हणतात टीव्हीवर धुकं दिसतं, पेपरचे मथळे वाचता येत नाहीत, मी त्यांना आज गोळ्या दिल्याच नाहीत, आधी तुम्हाला सांगायला आले. डोनानं डॉक्टरांना फोन केला, ती गोळी बंद झाली, त्याच दुपारी डोळ्यांच्या डॉक्टरकडं. मग डोनानं फॉर्म काढला अन् मला बोलावलं. सायली तिथंच उभी होती.

डोना म्हणली, रत्ना, शुक्रवारी तू गेली होतीस, तुला काही जाणवलं का?

खोटं बोलता आलं असतं. काकूंनी तक्रार केलीच नव्हती, त्या नंबर वाढला म्हणाल्या होत्या. पण सायली माझ्याकडं काळजीनं पाहून राह्यली होती, मला वाचवायला काहीतरी बोलणार असं तिचं तोंड झालं होतं, अन् ते मला सहन झालं नाही. मी म्हणलं, जाणवलं होतं. मी लिहिलं नाही.

डोनानं दार लावलं. पुढचं फार सांगत नाही. लेखी ताकीद मिळाली, तीन महिने पेशंटकडं जायचं नाही, फक्त फोन अन् कागद. काकूंच्या घरच्यांना डोनानं सगळं खरं सांगितलं. मुलगा फार संतापला, त्याचं बरोबरच होतं.

सायलीनं मला पार्किंगमध्ये गाठलं. म्हणाली, ताई, का? मी म्हणलं, त्या तुझी वाट बघायच्या, माझी नाही. ती म्हणाली, एवढ्यासाठी? अन् गेली. पुढं कितीतरी दिवस कामापुरतं बोलायची, ताई म्हणायचं सोडलं, रत्ना म्हणायला लागली. तिनं डबाही पुढं केला नाही. मला वाटायचं ती ओरडली असती तर बरं होतं.

काकूंचे डोळे हळूहळू परत आले. दोन महिन्यांनी पेपर वाचायला लागल्या. रंग मात्र अजून फिके दिसतात म्हणे, गडद हिरवा अन् तपकिरी उन्हात नेऊन पाहावा लागतो. ते माझ्यामुळं की आधीच झालं होतं, मी डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले, सांगता येत नाही. हे सांगता येत नाही मी जन्मभर घेऊन फिरणार आहे.

एकदा काकूंनी डोनाला सांगून मला बोलावलं. मी डोनासोबत गेली, पाया पडली, माफी मागितली. काकू बोलायला कडक होत्या. म्हणाल्या, माझ्या डोळ्यांशी तुमचं काय वैर होतं? मी म्हणलं, तुमच्याशी नव्हतं काकू. मग त्या म्हणाल्या, तुम्ही आलात की मला वाटायचं मी आजारी आहे, ती आली की विसरायला व्हायचं, म्हणून तिला बोलावलं. ते आडनावाचंही होतं का, मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. माफ केलं असंही म्हणाल्या नाहीत. चहा मात्र दिला, अन् मी प्यायली.

आता मी परत पेशंटकडं जाते. सध्या एक व्हिएतनामी आजोबा आहेत, त्यांना इंग्लिश येत नाही, मला त्यांची भाषा येत नाही, गोळ्या झाल्या की ते मला संत्रं सोलून देतात. काहीही दिसलं, डोळ्यात, पायात, जिभेवर, की मी गाडी सुरू करायच्या आधी डोनाला फोन करते. ती कधी कधी कंटाळते.

सायली आता आमची कोऑर्डिनेटर झाली, म्हणजे माझी वरिष्ठ. माझे फॉर्म तीच तपासते. गेल्या महिन्यात तिच्या तोंडून पुन्हा ताई निघालं, घाईत निघालं असेल. जळणं गेलं का म्हणाल तर नाही गेलं, कोणी तिचं कौतुक केलं की अजून मी तिच्या कामात चूक शोधायला लागते, सत्तेचाळीस वर्षांची बाई मी, लाज वाटते. फरक एवढाच की आता मी ते जळणं ओळखते, अन् ते सुरू झालं की गप्प बसत नाही, कामाचं जे असेल ते आधी सांगून टाकते. त्या सायलीचं भलं होवो, असं मी रोज म्हणते. आधी नुसतं तोंडानं म्हणायची, आता अर्ध्या मनानं म्हणते. उरलेलं अर्धं कधी होईल तेव्हा होईल, नाही झालं तर तेवढ्यातच तिला माझा आशीर्वाद.