एकदा धुतलेलं कापड

(कोल्हापूर. वस्तू कशा जळतात ते तपासणारी एक प्रयोगशाळा, भर दुपार. संयोगिता तिथली संशोधक, बादशहा जयसिंगपूरचा मंडपवाला.)

बादशहा: परत लावा, म्याडम.

संयोगिता: बादशहाभाई, तीन वेळा लावली. तिन्ही वेळा नऊ सेकंदांत पट्टी वरपर्यंत जळत गेली.

बादशहा: आन् ही दुसरी? ह्यो बी तुकडा माझ्याच दुकानातला हाय. त्याच ताग्यातला.

संयोगिता: ही बर्नर काढल्याबरोबर विझली. खाली चार बोटांएवढी काळी झाली, तेवढंच.

बादशहा: मग ह्ये कसं? तागा एकच, न जळायचं औषध दोन्हीला मीच मारलेलं, आन् एक जळतंय, एक न्हाय. पोलीस म्हणत्यात, तू साधं कापड लावलंस आन् औषधाचं म्हणून सांगितलंस. गुन्हा दाखल केलाय माझ्यावर.

संयोगिता: जी जळाली, ती धुतली होती का?

बादशहा: धुतली म्हंजे? धुवायला नगं व्हय? लोकांच्या लग्नात मळकं कापड लावू काय?

संयोगिता: केव्हा धुतलं?

बादशहा: दिवाळी झाल्यावर. त्या औषधाची पांढरी पावडर सांडायची वो. कागलला एका नवरीच्या शालूवर पडली, तिच्या मामानं भर मांडवात माझा आईबाप काढला. मग हाफिजानं, माझ्या बायकोनं, समदं कापड पाटावर नेऊन धुतलं. ती आन् चिमणामावशी. दोन दिवस दोघी पाण्यात हुत्या. ह्यो एवढा तुकडाच तेवढा माळ्यावर ऱ्हायलेला.

संयोगिता: चिमणामावशी म्हणजे... आगीच्या बातमीत नाव होतं त्या?

बादशहा: व्हय, त्याच. वीस वर्सं माझ्या मांडवाच्या झालरी शिवल्या तिनं. शिरोळच्या लग्नात नवरीच्या एंट्रीला पोरांनी ठिणग्यांची कारंजी लावली. मी कशाला नगं म्हणू? माझं कापड जळत न्हाय. ठिणगी पडद्यावर पडली, लोकं उठली, तर ही बया स्टेजमागं हुबी राहून वरडतीया, "पळू नगासा, चेंगराल, ह्ये कापड जळत न्हाय!" गिऱ्हाइकाम्होरं काडी वडून पडद्याला लावताना शंभरदा बघितलेलं की तिनं मला. लोकं काय थांबतील? पळाली. ती तितंच.

संयोगिता: बसा, बादशहाभाई.

बादशहा: बसत न्हाय. धुतल्यानं काय हुतंय ते सांगा.

संयोगिता: ते औषध म्हणजे एक प्रकारचं मीठच असतं. पाण्यात विरघळतं. एका धुण्यात निघून जातं सगळं.

बादशहा: मग तुमच्या कागदावर तसं का न्हाय? 'ज्योत आपोआप विझते.' पाठ हाय मला. ल्यामिनेट करून दुकानात टांगलाय. खाली तुमची सही हाय.

संयोगिता: तो रिपोर्ट मी औषधाच्या कंपनीला दिला होता. त्यांनी न धुतलेलं कापड आणलं, आम्ही तेवढंच तपासलं. धुण्याचं त्यांनी विचारलंच नव्हतं.

बादशहा: म्हंजे तुमाला बी ठावं नव्हतं.

संयोगिता: होतं.

बादशहा: काय?

संयोगिता: माहीत होतं मला. माझ्या पीएच.डी.साठी म्हणून मी एक पट्टी नळाखाली धुतली आणि लावून बघितली. गेल्या वर्षी, चौदा मार्चला. नऊ सेकंद. वहीत आहे. रिपोर्टखाली मी ओळही टाकली होती, 'धुतल्यास हा गुण टिकत नाही.' माझ्या गाईड सरांनी खोडली. म्हणाले, पार्टीनं विचारलं नाही ते लिहायचं नाही, पुन्हा येणार नाहीत ते आपल्याकडं.

बादशहा: आन् तुमी सही केलासा.

संयोगिता: केली.

बादशहा: वा! सरांनी खोडली, तुमी सही केलासा, मी काडी लावून दाखवली, आन् मेलं कोण? झालरी शिवणारी बाई. रोज इतं कापडं जाळताय, फोम जाळताय, लाकडं जाळताय, कशापायी वो? माणसं वाचावीत म्हणून न्हवं?

संयोगिता: म्हणूनच आले होते मी ह्या कामाला. आता सांगायचीसुद्धा लाज वाटते. बोला, काय बोलायचं ते बोला. पण ही वही बघा. ह्या पानाचा फोटो काढा, वकिलाला द्या. मी येते कोर्टात. सरांना काय करायचं ते करू देत, पीएच.डी. गेली तर गेली. तुम्ही कुणाला फसवलं नाही, हे ह्या पानावरनं दिसतं.

बादशहा: सुटतो व्हय मी?

संयोगिता: मला तरी वाटतं, सुटाल. कापड औषधाचंच होतं. धुतल्यामुळं औषध गेलं, आणि धुऊ नका म्हणून तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

बादशहा: धुतल्यामुळं. असंच म्हणायचं कोर्टात?

संयोगिता: तसंच म्हणावं लागेल.

बादशहा: आन् तवा हाफिजा कुठं बसंल?

संयोगिता: त्यांची काय चूक ह्यात? त्यांना काय माहीत होतं?

बादशहा: चूक न्हाय. तुमाला कळतंय, मला कळतंय. दीड म्हयना झाला, ती एकच इचारतीया, आपलं कापड तर जळत नव्हतं, मग मावशी कशी जळाली? भाकरी मोडती आन् तशीच ठेवती. तिला काय सांगू, तूच धुतलंस म्हणून? आन् मावशीला हाक मारून तूच नेलंस पाटावर? जगंल व्हय ती?

संयोगिता: मग काय करायचं?

बादशहा: औषधच खराब हुतं, असं लिवा.

संयोगिता: खोटं आहे ते. आत्ताच तुमच्यासमोर विझली की ही पट्टी. तेव्हा खरं लपवलं, आता धडधडीत खोटं लिहू?

बादशहा: मग काय बी लिवू नगा. मी तिला सांगतो, त्या लग्नाला मीच बिनऔषधाचं कापड आणलेलं, तुला न सांगता. पोलीस म्हणत्यात तेच.

संयोगिता: अहो, तुम्ही आत जाल! आणि त्या तुमचं तोंडही बघणार नाहीत.

बादशहा: नगं बघू दे. शिव्या घालंल, मिरजेला भावाकडं जाईल. पण भाकरी खाईल. ठेवा ती वही कपाटात. तुमची पीएच.डी. बी ऱ्हाईल.

संयोगिता: बरं. ठेवते.

बादशहा: लई लवकर 'बरं' म्हणालासा, म्याडम.