पांघरुणाची पहिली आवृत्ती

भाची : …म्हणून म्हटलं, पत्र पोचलंच नसेल.

मामी : पोचलं होतं गं. महिनाभर ह्यांच्या पुस्तकात खूण म्हणून बसलंय. रोज दोन पानं पुढे सरकतं. उत्तर मात्र जागचं हलत नाही.

मामा : लिहायला घेतलं होतं. दोनतीनदा.

भाची : मग टाकलं का नाहीत?

मामा : पुरेशी खात्री वाटत नव्हती.

मामी : ह्यांना स्वतःच्या चष्म्याच्या नंबराचीही खात्री नसते. तू आधी बस.

भाची : बसते, पण मामा, आज उत्तर घेतल्याशिवाय उठणार नाही. मी काम करते त्या नाचाच्या क्लबात कोट ठेवायच्या खोलीत मालकानं कार्ड लावलंय. त्यावर लिहिलंय ते खरं की खोटं, एवढंच विचारलं होतं मी. जन्मभर ग्रंथालयात बसून परक्यांना उत्तरं शोधून दिलीत. भाचीलाच तेवढं नाही?

मामा : मजकूर पुन्हा एकदा सांगतेस?

भाची : पाठ आहे. ‘नशा चढलेल्या व्यक्तीस शांत जागी झोपवावे, अंगावर पांघरूण घालावे, एकटे सोडू नये.’

मामा : हं.

भाची : हं नका करू. परवा एका मुलीनं नाचताना कसलीशी गोळी घेतली. थोड्या वेळानं म्हणायला लागली, थंडी वाजतेय. आमच्या दारावर भिंत असतो ना…

मामी : भिंत असतो?

भाची : बाउन्सर गं. दार भरून उभा राहतो म्हणून सगळे भिंत म्हणतात. त्यानं तिला उचलून कोटांच्या खोलीत नेलं, कार्ड वाचलं, आणि पांघरूण नव्हतं म्हणून लोकांचे कोट घातले तिच्या अंगावर. एकावर एक. वर शेजारी बसून राहिला, एकटं सोडायचं नाही म्हणून. मी गेले तेव्हा पोरीचं अंग तव्यासारखं तापलं होतं.

मामी : अगं बाई. वाचली ना?

भाची : वाचली. आज उठून बसलीये. पण डॉक्टरांनी पहिलं हेच विचारलं, हिला गुंडाळलं कुणी? आता मालक शनिवारी भिंतीला कामावरून काढणार. म्हणतो, माझं कार्ड बरोबर आहे, ह्यानंच नको ती अक्कल चालवली.

मामा : मालकानं ते आणलं कुठून?

भाची : इंटरनेटवरून. सगळ्यांना ऐकवतो, तीन ठिकाणी पाहिलं, तिन्हीकडे शब्दन् शब्द तेच आहे, मग खोटं कसं असेल?

मामा : उलट आहे. तीन साक्षीदार शब्दन् शब्द एकच बोलले, की ते घरून ठरवून आलेत असं समजावं.

भाची : म्हणजे शोधलंत तुम्ही.

मामा : थोडंफार. एका वेबसाइटनं ते एका पत्रकातून उचललं. पत्रकानं प्रथमोपचाराच्या एका पुस्तकातून. आणि पुस्तकाच्या ताज्या आवृत्तीत खाली तळटीप आहे, आधार म्हणून. कसला आधार, तर तीच वेबसाइट.

मामी : म्हणजे तिघं एकमेकांचा पदर धरून गोल फिरतायत.

मामा : तसं म्हणता येईल. मग मी त्या पुस्तकाची पहिली आवृत्ती मिळवली. तिच्यात दोन वेगळे परिच्छेद आहेत. एक, दारू पिऊन थंडीत उघड्यावर पडलेल्या माणसाचा. त्याला पांघरूण घाला. दुसरा, नाचाच्या जागी गोळी घेऊन तापलेल्याचा. त्याला मोकळ्या हवेत न्या, जादा कपडे काढा, अंग गार करा, रुग्णवाहिका लगेच बोलवा. थंडी वाजते म्हणाला तरी गुंडाळू नका, असं स्पष्ट लिहिलंय. पुढे कुणीतरी एक पान वाचवायला दोन्ही मथळ्यांचा एक मथळा केला, ‘नशा चढलेली व्यक्ती’, आणि दुसरा परिच्छेद गाळला.

भाची : हे तुम्हाला कधी सापडलं?

मामा : पान इथेच आहे बघ. प्रत काढून ठेवली होती.

भाची : कधी, मामा?

मामी : सांगून टाका.

मामा : पत्र आलं त्याच आठवड्यात.

(मामी टेबलावरचे कप उगीच एकात एक ठेवते.)

भाची : मग गप्प का बसलात?

मामा : तू लिहिलं होतंस, ‘आमच्या इथल्या एकीसाठी विचारतेय.’ ग्रंथालयात लोक असंच विचारायचे. मूळव्याध स्वतःला, पुस्तक शेजाऱ्यासाठी.

भाची : तुम्हाला वाटलं, मीच घेते.

मामा : वाटलं असं नाही. शंका आली.

मामी : शंका म्हणे. झोप उडाली होती ह्यांची. मागे तू आलीस तेव्हा डोळे लाल होते तुझे, तेच धरून बसले.

भाची : अगं, रात्रभर काम करून येते मी.

मामी : मी तेच म्हटलं. पण मी काय, मला तळटीप नाही ना.

मामा : मला वाटलं, अमुक केलं की माणूस वाचतो असं आपण लिहून दिलं, तर ते घ्यायला परवानगी दिल्यासारखं होईल.

भाची : आणि नाही लिहिलंत तर मी घेणार नाही.

मामा : असं काहीसं. आता मोठ्यानं ऐकताना बरं वाटत नाही.

भाची : ती ‘एक’ कोट सांभाळणारी बाई होती, मामा. तिला पांघरुणं मागवायची होती. म्हणाली, आधी कुणा शहाण्याला विचार.

मामा : तुमच्याकडे मिळतं का हे सगळं?

भाची : मिळत नाही. येतं. बुटातून येतं, लिपस्टिकच्या टोपणातून येतं. ज्याच्याकडे असतं तो सांगतो, अगदी शुद्ध आहे. त्याला तरी कुणी सांगितलं? ज्यानं विकलं त्यानं.

मामा : आणि तू?

भाची : मी नाही. बघा, एका वाक्याचा प्रश्न होता. तेव्हाच विचारला असतात तर दोन शब्दांत भागलं असतं.

मामी : आता हे ऐकून घेताय, का हिचीही पहिली आवृत्ती शोधायला निघताय?

मामा : ऐकून घेतो. ह्याला दुसरा आधार कुठून आणणार? बरं, ते पान घेऊन जा आणि मालकाला दाखव.

भाची : कार्ड मी जाऊन लगेच काढते. पण भिंतीसाठी मालकाला कागद हवा. आमचं तोंडी कुणाचं ऐकत नाही तो. टपालानं बंद पाकीट आलं, वर टाइप केलेला पत्ता असला, की डोळे मिटून खरं मानतो.

मामा : तसंच मानून ते कार्ड लावलं ना त्यानं?

भाची : म्हणून काय, लिहिणार नाही तुम्ही?

मामा : लिहितो. पण तू माझी भाची आहेस हे पहिल्या ओळीत लिहीन.

भाची : कशाला? म्हणेल, घरचीच साक्ष.

मामा : म्हणू दे. संशय घ्यायला जागा आहे तिथे घ्यावा त्यानं. म्हणूनच पुढे लिहिणार, माझ्या शब्दावर जाऊ नका, सोबतचं पान वाचा आणि ज्या डॉक्टरांनी मुलीला तपासलं त्यांना दाखवून विचारा. आणि तुमच्या माणसानं कार्डावर होतं तेच केलं, एक अक्षरही जास्त नाही. एवढं पुरे?

मामी : उशीर झाला त्याचं काय?

मामा : ते शेवटी. त्याला वेगळा परिच्छेद. तो गाळायचा नाही.

भाची : लिहा. मी थांबते.

मामी : थांब, आणि पाकीट बंद होईपर्यंत नजर हटवू नकोस. नाहीतर हे चौथ्यांदा खोडतील. मग दोघं मिळून कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत जा.

(पाकीट बंद झाल्यावर, कोपऱ्यावर.)

भाची : सावकाश, मामा, पायरी आहे. ही घ्या पेटी.

मामा : पत्ता एकदा वाचू का?

भाची : दारात वाचलात. वळणावर वाचलात.

मामा : भिंत करतो काय सध्या?

भाची : घरी बसलाय. त्या मुलीचे आईवडील भेटू देतील का, विचारत होता.

मामा : हं. टाकलं बघ. पडल्याचा आवाज आला का?

भाची : आला.

मामा : नक्की?

भाची : नक्की. आता हात बाहेर काढा, मामा.