सहा मिलिग्रॅम, सहा टक्के

नाव: चारुता शैलेंद्र गुर्जर. वय: ३९ वर्षे. व्यवसाय: पेरोल ऑफिसर, सध्या घरून काम. राहणार: पॉइंट कुक, मेलबर्न.

मी पोलीस स्टेशनात स्वतः हजर राहून सांगते की, वरील पत्त्यावर मी व माझे पती शैलेंद्र राहतो. पती आयटीत सोल्यूशन आर्किटेक्ट आहेत. माझा धाकटा भाऊ वरुण डँडेनॉन्गला वेअरहाउसमध्ये कामाला आहे. लॉकडाउनमध्ये त्याचे शेअरिंगचे घर सुटले, तेव्हापासून तो आमच्याकडे आहे. मला इंग्रजी येते. परंतु घरातले बोलणे मराठीत झाले असल्याने जबाब मराठीत देत आहे. दुभाषी श्यामलाताई फोनवर आहेत.

पती व वरुण दोघेही व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, ओढतात. दुकाने बंद झाल्यावर पतींनी त्यात भरायचे लिक्विड घरीच बनवायचे ठरवले. दोन व्हिडिओ पाहिले की कोणतीही गोष्ट येते, असे पतींचे मत आहे. याआधी त्यांनी याच पद्धतीने पाव व दाढीचे तेल बनवले होते. पाव टाकून दिला. तेल अजून बाथरूममध्ये आहे.

रविवारी दुपारी त्यांनी किचनच्या टेबलावर सामान मांडले. निकोटिनची बाटली परदेशातून मागवलेली होती. पतींनी पोहण्याचा गॉगल लावला होता. ग्लव्ह्ज घातले नव्हते. माप त्यांनी लॅपटॉपवर एक्सेलमध्ये काढले. निम्म्याहून जास्त निकोटिनच ओतताना पाहून मी विचारले की, एवढे लागते का, एकदा लेबल वाचून बघ. ते म्हणाले, "चारू, हे बेसिक मॅथ्स आहे. तू तुझं पेरोल बघ." मी पेरोल बघितले.

पतींनी ते लिक्विड स्वतः ओढले नाही. त्यांच्या जुन्या बाटलीत शिल्लक होते. त्यांनी ते वरुणला भरून दिले व टेस्ट करून सांग म्हणाले. वरुण म्हणाला की घसा जळतोय. पती म्हणाले की नवीन बॅच आहे, सुरुवातीला लागतेच. वरुणने आणखी ओढले. आमच्याकडे राहायला आल्यापासून वरुण माझ्या पतींना नाही म्हणत नाही. हे मला कोणी विचारलेले नाही, मी आपण होऊन सांगत आहे.

थोड्याच वेळात वरुणला घाम फुटला व उलट्या सुरू झाल्या. त्याचे हात थरथरत होते. मी अँब्युलन्ससाठी ट्रिपल झीरोला फोन लावून स्पीकरवर ठेवला आणि त्याचे डोके मांडीवर घेतले. पती लॅपटॉपपाशी गेले. त्यांनी शीट पाहिली, मग लेबल पाहिले. त्यानंतर त्यांनी तयार लिक्विडची बाटली सिंकमध्ये ओतली. बाटली साबणाने आतून-बाहेरून धुतली व रॅकवर पालथी घातली. लग्नाला अकरा वर्षे झाली. त्यांना भांडे धुताना मी प्रथमच पाहिले. त्याच सुमारास वरुणला फिट आली.

अँब्युलन्सवाल्यांनी काय घेतले होते असे विचारले. पतींनी इंग्रजीत सांगितले की काल बाहेरचे काही खाल्ले असेल. त्या आठवड्यात वरुणला शिफ्ट नव्हती, तो घराबाहेर पडलेला नव्हता व घरी बाहेरचे काही मागवलेलेही नव्हते. मी रिसायकलिंगच्या बिनमधून निकोटिनची मूळ बाटली काढली व त्यांच्या हातात दिली. पती माझ्याकडे बघत होते. अँब्युलन्सवाल्यांनी ताबडतोब हॉस्पिटलला फोन केला.

हॉस्पिटलमध्ये कोविडमुळे कोणाला येऊ देत नव्हते. वरुणला व्हेंटिलेटरवर ठेवल्याचे मला फोनवर कळले. डॉक्टरांनी मला समजावले ते असे. व्हिडिओतल्या रेसिपीमधल्या सहा या आकड्याचा अर्थ दर मिलिलिटरला सहा मिलिग्रॅम निकोटिन. टक्क्यांत ते एक टक्कासुद्धा होत नाही, ०.६ होते. पतींनी शीटमध्ये सहा टक्के भरले. म्हणजे दहापट. मला हे त्या दिवशी माहीत नव्हते. मी फक्त लेबल वाच म्हटले होते.

त्याच संध्याकाळी पती मला म्हणाले, "मिक्सिंग वरुणनेच केलं असं सांग. माझं सिटिझनशिपचं चालू आहे. त्याला काय फरक पडतो?" मी विचारले, हॉस्पिटलला फोन केला होतास का. केला नव्हता. मी इमोशनल झाले आहे, शांतपणे विचार कर, असे ते म्हणाले. मग त्यांनी वजनकाट्यावर कॉफीच्या बिया मोजल्या आणि स्वतःपुरती कॉफी केली.

वरुण आता शुद्धीवर आहे व बोलतो. मिक्सिंग आपणच केले असे तो नर्सला सांगत होता, असे मला कळले. तसे सांगायला पतींनी त्याला मेसेज केला होता. वरुणने तो मला पाठवला. तो मेसेज मी पोलिसांना दाखवला आहे. मिक्सिंग वरुणने केलेले नाही. हॉस्पिटलमधून त्याला सोडल्यावर तो व मी दुसरीकडे राहायला जाणार आहोत. पत्ता कळवीन. तो पतींना कळवू नये.

हा जबाब श्यामलाताईंनी मला मराठीतून ऐकवला. मी सांगितले तसाच तो आहे. फक्त एका ठिकाणी "पतींनी नजरचुकीने बाटली धुतली" असे नोंदले गेले होते. "नजरचुकीने" हा शब्द मी उच्चारलेला नाही. तो माझ्यासमोर खोडला असून शेजारी माझी सही आहे.