दळणाचं औषध

हसू नका, पण लग्न होऊन काष्टीला आले तेव्हा मला चार-चार महिने कावळा शिवायचा नाही. अंग सुटलेलं, हनुवटीवर केस. सासूबाईंना नातवाची घाई, त्यांनी मला वैद्यांकडे नेलं. वैद्य म्हणाले, "गूळ बंद. आणि रोज पहाटे हिला जात्यावर बसवा."

सासूबाईंनी औषध इतकं मनावर घेतलं, की शेजारणीचंही दळण माझ्यापुढे ठेवलं. दिवाळीपर्यंत माझ्या चोळ्या सैल झाल्या. केस राहिले, पण कावळा दर महिन्याला शिवायला लागला. मी चार दिवस बाहेर बसायची, आणि दोन्ही घरांचं दळण सासूबाई दळायच्या.

तिसऱ्या महिन्यात त्या एकट्याच वैद्यांकडे गेल्या. म्हणाल्या, "गुन लई आलाय, वैद्यबुवा. थोडा कमी करता येतोय का, बघा."