नारंगी बटन

नको दाबू ते, यूसरा — थांब! नारंगी दिसलं की दाबलं, असं नसते. अर्ज भराले माह्या दुकानात आली ना तू? मंग मोबाइल ठेव बाजूले, इकडं कम्प्युटरवर पाह्य. हे विद्यापीठाचं पान. पह्यले कसं होतं — वर इमारतीचा फोटो, खाली ढीगभर माहिती, आन् अर्ज कुठी हाये ते शोधत बसा. अख्ख्या मेडशी गावात तो या चंदाकाकूलेच, मलेच सापडे. पोरं बाहेर पायरीवर बसून राह्यत. आता? आता पानापानावर हे बटन. दाबलं की अर्ज हजर. कोणी लावलं? रेणूनं! आपल्या गोमतीबाईची रेणू — तू बसली ना, याच स्टुलावर बसून शिकली ते. मराठी टायपिंग कोणं शिकवलं? म्या. आता तिथं विद्यापीठात वेबसाइटच्या कामावर हाये. गावानं सत्कार केला — शाल, नारळ, फोटो. मी गेली नाई. कायले जाऊ? पाय दुखत होता माहा.

जळत नाई मी, तसं नको समजू. पण वाच — मोठ्यानं वाच त्या बटनावर काय लिवलं! पह्यले तिथं 'अर्ज सादर करा' होतं. कोणी हात लावत नसे, पोराइले भेव वाटे. मंग इनं काय लिवलं? 'ये, बस. भरू आपण.' झालं! सारे दाबून राह्यले. सत्कारात म्हणे, "खूप विचार केला, तवा सुचलं." सुचलं? अवं, माहं बोलणं हाये ते! पोरगं दारात घाबरून उभं राह्यलं की मी काय म्हणतो? तुले काय म्हटलं आत्ता? तेच ना? तिलेबी तेच म्हटलं होतं. एकदा तरी नाव घ्यावं मानसानं.

आन् खाली ते हिरवं पाह्य — 'अडलं? बोल.' तेबी माहंच. दाबलं की फोन सरळ तिच्या टेबलावर. लगेच उचलते. आवाज भारदस्त झाला आता, पण 'हॅलो' म्हटल्यावर थांबते जराशी, पह्यल्यासारखीच... मले कसं माहीत? बटन चालू हाये का नाई, पाहाले नको? धंदा हाये माहा! दुपारी गिऱ्हाईक नसते, तवा दाबून पाह्यतो. बोलाचं काय त्यात? ठेवून देतो. रोज? रोज कायले — मंगळवारी लाइन नसते.

चाल, पुढं. नाव झालं, बारावी झाली... मधात दोन वर्षं तुहं शिक्षण सुटलं, त्याचं काय लिवाचं? हे... हे नवीन टाकलं वाटते. थांब, पाह्यतो. इथं नाई... इथंबी नाई — अवं, मोबाइलवर हिरवं काहून दाबलं! म्या सांगतलं ना, पाह्यतो म्हणून! ठेव. ठेव ना! लागला? दे इकडं. — हॅलो. हं, मेडशीवरून. पोरीचा अर्ज हाये, ते दोन वर्षं सुटल्याचं... काय? 'काकू, आज तरी बोला'?

कोण काकू? नाई, इथं कोणी काकू-बिकू नाई. राँग नंबर.

घे तुहा फोन. ठेवला नाई तिनं अजून. तूच बोल, बाहेर पायरीवर बसून. जाय — आन् दार लोटून घे.