साहेबाच्या टोपीवरचं विमान

तुमी आज विमानाचं सांगून राहिले, आमी निजामाच्या राज्यात, हिंगोलीच्या शाळेत विमान उडवलेलं हाय. ज्वारीच्या ताटाचा गाभा, पतंगाचा कागद आन् सायकलच्या ट्यूबचं रबर. रबराला पीळ देऊन सोडलं की पुढचं पातं फिरायचं. माझ्या वर्गातला गौस आन् मी मिळून केलं होतं.

शाळेच्या हॉलमधी शर्यत होती, कुणाचं विमान जास्त वेळ वर राहतं त्याची. विमान जमिनीला टेकलं की मास्तर घड्याळ बंद करणार. वारा नको म्हणून दारं-खिडक्या लावलेल्या. पाहुणे तहसीलदार साहेब घामानं भिजले, म्हणून हेडमास्तरांनी छताचा कापडी पंखा ओढायला लावला. नेमकं तवाच आमचं विमान वर होतं. त्या वाऱ्यानं गिरकी घेऊन ते साहेबाच्याच सपाट माथ्याच्या लाल रूमी टोपीवर बसलं. पिसावानी हलकं, साहेबाला पत्ता न्हाई. टोपीला हात कोण लावणार?

साहेब इकडं तिकडं बघत म्हणाले, "किधर गया?"

हेडमास्तर हात जोडून म्हणाले, "ऊपरच है, हुजूर."

साहेबांनी छताकडं मान वर केली, तसं विमान टोपीवरून घसरून मागं पडलं. तवा कुठं मास्तरांनी घड्याळ बंद केलं. पयला नंबर आमचा.

बक्षीस देताना साहेब म्हणाले, "शाबास. इतना ऊपर गया के हमको दिखाच नहीं."